उचकी थांबवायची कशी: किती सेकंद, किती घोट आणि कुठे चुकतं

नागपुरात उचकीला निमित्त शोधावं लागत नाही. सकाळी झणझणीत तर्री-पोहे, रात्री सावजी रस्सा, आणि मे महिन्यात भर उन्हातून आल्या आल्या फ्रिजमधली बाटली तोंडाला. उचकी लागली की घरातली चार माणसं चार उपाय सांगतात: श्वास रोखून धर, साखर खा, पाणी पी, कोण आठवण काढतंय त्याचं नाव घे. यातले पहिले तीन उपाय खरंच उपयोगी आहेत. पण ते अर्धवट केले जातात. श्वास पाच सेकंद धरला, पाण्याचे दोन घोट घेतले, साखर पाण्यात विरघळवून प्यायली आणि 'आपल्याला याचा फरक पडत नाही' असं ठरवून टाकलं, असंच बहुतेक वेळा होतं. म्हणून इथे प्रत्येक उपायाचं माप दिलं आहे, आणि तो का लागू पडतो हेही. कारण समजलं की चूक आपोआप टळते.

आत नेमकं काय होतं

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा आडवा, पातळ स्नायू असतो. तो खाली सरकला की फुफ्फुसांत हवा येते. उचकीत हा स्नायू आपल्याला न विचारता झटक्यात आकसतो आणि हवा जोरात आत ओढली जाते. त्यानंतर साधारण ३५ मिलिसेकंदांत घशातली स्वरयंत्राची फट बंद होते. आत येणारी हवा या बंद दारावर आपटते, तोच 'हिक्' आवाज.

हे घडवून आणणाऱ्या नसा दोन. श्वासपटलाची फ्रेनिक नस मानेतून निघून छातीतून खाली जाते. दुसरी व्हेगस नस. ती घसा, अन्ननलिका, जठर अशी फिरते आणि तिची एक बारीक फांदी कानाच्या छिद्रापर्यंत पोचते. या वाटेवर कुठेही टोचणी लागली, म्हणजे जठर फुगलं, अन्ननलिकेत तिखट किंवा आंबट लागलं, एकदम गार पाणी गेलं, की मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र चाळवतं आणि उचकीचं चक्र सुरू होतं. एकदा सुरू झालं की मूळ कारण सरलं तरी ते स्वतःच्याच लयीत चालत राहतं. मिनिटाला चारपासून साठपर्यंत कितीही वेळा.

ते तोडायला घरच्या घरी दोन वाटा आहेत. एक, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू द्यायचा आणि श्वासपटल ताणून स्थिर ठेवायचं. दोन, घशातून व्हेगस नसेला दुसरा, जोरकस संदेश द्यायचा, म्हणजे चालू लय मोडते. आजीच्या बटव्यातला जो उपाय खरोखर लागू पडतो तो या दोनांपैकी एका वाटेनं जातो. जो यातलं काहीच करत नाही, त्यानं उचकी थांबली तर ती तशीही थांबणारच होती. साध्या उचक्या बहुधा काही मिनिटांत आपल्या आपणच जातात.

पहिला उपाय: तीन टप्प्यांचा श्वास

यापासूनच सुरुवात करा. पैसा लागत नाही, सामान लागत नाही, बसमध्ये किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्येही कुणाला न कळता होतो.

१. खुर्चीत ताठ बसा, कमरेचा पट्टा किंवा साडीची गाठ घट्ट असेल तर सैल करा.
२. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. पोट आत जाईपर्यंत.
३. आता नाकानं किंवा तोंडानं जितका घेता येईल तितका श्वास आत घ्या आणि १० सेकंद धरा.
४. काहीही बाहेर न सोडता त्यावर आणखी थोडा श्वास ओढा. जागा नाही असं वाटेल, पण थोडी असते. ५ सेकंद धरा.
५. पुन्हा एकदा, तसाच, उरलासुरला श्वास वर घ्या. आणखी ५ सेकंद.
६. हळूहळू सोडा. लगेच धापा टाकू नका. पुढचे चार-पाच श्वास शांतपणे घ्या.

चुकतं ते दुसऱ्या आणि चौथ्या पायरीत. श्वास आधी पूर्ण सोडला नाही तर आत घ्यायला जागाच राहत नाही, मग जे धरून ठेवतो तो अर्धाच श्वास असतो आणि श्वासपटल पूर्ण ताणलं जात नाही. चौथ्या पायरीत माणसं नकळत थोडी हवा सोडतात आणि मग पुन्हा घेतात. तसं केलं की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तिसरी चूक म्हणजे सेकंद मनात घाईघाईनं मोजणं. उचकी लागलेल्या माणसाचे मनातले दहा सेकंद पाच-सहाच भरतात. समोर सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाईलचं स्टॉपवॉच ठेवा.

धरलेल्या श्वासात मध्येच उचकी आली तरी सोडून देऊ नका, धरूनच ठेवा. एका फेरीत थांबली नाही तर दोन मिनिटं विश्रांती घेऊन दुसरी करा. तीन फेऱ्यांनंतरही चालू असेल तर पुढच्या उपायाकडे वळा. चक्कर येतेय असं वाटलं तर तिथेच थांबा.

श्वास रोखणं जमतच नसेल, दम्यामुळे किंवा घाबरल्यासारखं होतं म्हणून, तर उलट करा: न थांबता, एकसारखा, अतिशय सावकाश श्वास आत घेत राहा, ३० सेकंदांपर्यंत. फुफ्फुसं भरली असं वाटलं तरी घसा उघडाच ठेवून आत ओढण्याचा प्रयत्न चालू ठेवायचा. स्वरयंत्राची फट उघडी राहणं हाच यातला मुद्दा आहे.

पाणी: गार, बारीक घोट, सलग

पाण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक जण तो उलटा करतात. घटाघटा पाणी प्यायल्यावर सोबत हवाही गिळली जाते, जठर फुगतं आणि उचकी वाढते. काम करतं ते गिळणं. एकामागून एक, मध्ये श्वास न घेता गिळत राहिलं की दोन्ही वाटा एकदम साधतात: घशाला सतत चालना मिळते आणि तेवढा वेळ श्वासही थांबलेला असतो.

माठातलं गार पाणी घ्या, साधारण अर्धा पेला म्हणजे १०० मिली. मोठा श्वास घ्या, मग चहाच्या दोन चमच्यांएवढे बारीक घोट एकापाठोपाठ एक गिळा. दहा ते बारा घोटांत अर्धा पेला संपतो. घोट मोठा घेतला तर चार घोटांत पाणी संपेल आणि लय मोडायला वेळच मिळणार नाही. पाणी गार हवं, बर्फाचं नको. बाहेर ४५ अंश तापमान असताना एकदम बर्फाचं पाणी पोटात गेलं की त्यानंच उचकी लागते, मग त्यानंच ती थांबवायचा प्रयत्न कशाला?

याच उपायाचं जास्त जोरकस रूप म्हणजे कान बंद करून पिणं. पेल्यात स्ट्रॉ ठेवा. दोन्ही हातांच्या बोटांनी कानाच्या छिद्रासमोरचा छोटा उंचवटा आत दाबा, म्हणजे छिद्र झाकलं जाईल. बोट किंवा काडी कानात घालायची नाही. मग स्ट्रॉनं सलग पाणी ओढत गिळा. घशासोबत व्हेगस नसेच्या कानातल्या फांदीलाही त्यामुळे चालना मिळते. घरात कुणी असेल तर त्याला कान दाबायला सांगा, तुम्ही पेला धरा. स्ट्रॉ नसेल तर पेला टेबलाच्या कडेला ठेवून वाकून प्या. पेल्याच्या पलीकडच्या काठानं पाणी पिण्याची जुनी युक्ती तुम्ही ऐकली असेल. तिच्यात वाकल्यामुळे पोट दाबलं जातं आणि लक्ष देऊन बारीकच घोट घ्यावे लागतात, म्हणून ती जमते. अंगावर पाणी सांडायची तयारी मात्र ठेवा.

स्ट्रॉनं जोर लावून ओढणं आणि लगेच गिळणं यावरच बेतलेलं एक साधन अमेरिकेत टेक्सासमधल्या डॉक्टरांनी तयार केलं. स्ट्रॉच्या टोकाला झडप असते, त्यामुळे पाणी वर यायला बराच जोर लावावा लागतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २४९ जणांनी ते वापरलं आणि सुमारे ९२ टक्के वेळा उचकी थांबल्याचं त्यांनी स्वतः कळवलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तेव्हा आकड्याला तेवढंच वजन द्यायचं. घरी त्या तत्त्वाच्या जवळ जायचं तर स्ट्रॉ मधोमध दोन बोटांत चिमटून अर्धी बंद करा आणि जोर लावून ओढा. गालांपेक्षा छातीतून ओढ लागली पाहिजे. ओढलेला घोट लगेच गिळा. असे पाच-सहा घोट पुरतात.

साखरेची फक्की

साखर काम करते ती गोड आहे म्हणून कमी आणि खरखरीत आहे म्हणून जास्त. कोरडे दाणे घशाच्या मागच्या भागाला घासत जातात आणि तिथल्या नसांना जोरकस संदेश मिळतो. म्हणून साखरपाणी, गुळाचा खडा चघळणं, पिठीसाखर यांचा तसा उपयोग होत नाही. दाणेदार साखरच हवी.

चहाचा एक सपाट चमचा, ४ ते ५ ग्रॅम. जिभेच्या मागच्या भागावर टाका, तोंड मिटा, चघळू नका, विरघळायची वाट पाहू नका, कोरडीच गिळा. पाणी नंतर, अर्ध्या मिनिटानं. टाकताना श्वास आत ओढत असाल तर दाणे श्वासनलिकेकडे जाऊन ठसका लागतो, म्हणून आधी श्वास सोडा, उचकी येऊन जाऊ द्या आणि दोन उचक्यांच्या मधल्या जागेत फक्की मारा. थांबली नाही तर दोन मिनिटांनी आणखी एकदा. तिसऱ्यांदा नको.

१९७१ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २० रुग्णांची नोंद आली होती, त्यातल्या १९ जणांची उचकी साखरेनं थांबली. छोटी नोंद आहे, पण उपाय स्वस्त आणि निर्धोक असल्यानं करून पाहायला हरकत नाही. अपवाद मधुमेहींचा. त्यांनी साखरेऐवजी लिंबू घ्यावं. चार वर्षांखालच्या मुलांना कोरडी साखर देऊ नका, ठसक्याचा धोका असतो. त्याहून मोठ्या मुलांना अर्धा चमचा, ताठ बसवून.

लिंबू, संत्रं आणि बाकीचं स्वयंपाकघर

लिंबाची पाव फोड घ्या, बिया काढा, दातांनी दाबून रस घशाकडे जाऊ द्या आणि गिळा. तीव्र आंबट चवीनं घसा आवळतो, तीच चालना. वर चिमूटभर मीठ टाकलं तरी चालतं. लिंबू नसेल तर व्हिनेगरचा अर्धा चहाचा चमचा तेवढ्याच पाण्यात. आम्लपित्त असणाऱ्यांनी दोन्ही टाळावं, कारण त्यांच्या उचकीचं कारणच बहुधा अन्ननलिकेत वर येणारं आम्ल असतं. आगीत तेल कशाला? त्याच कारणानं उपाशीपोटी आंबट संत्रं हाही त्यांच्यासाठी उपाय नाही. पित्त नसेल आणि डिसेंबरात घरात संत्र्यांची टोपली असेल, तर आंबटसर संत्र्याच्या दोन-तीन फोडी सावकाश चोखून गिळा. लिंबाइतका जोर त्यात नाही, पण मुलं आनंदानं खातात.

आलं सालासकट किसून, नखाएवढा तुकडा मधासोबत चाटणं, किंवा दोन वेलदोडे कुटून एक कप पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी कोमट पिणं, हे उपाय घरोघरी चालतात. जेवणानंतर पोट जड होऊन, ढेकर अडकून उचकी लागली असेल तेव्हा त्यांचा उपयोग होऊ शकतो. आयुर्वेदात उचकीचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि जेवणातून उद्भवणारी उचकी 'अन्नजा' म्हणून वेगळी काढली आहे. आपण घरी ज्या उचकीशी झगडतो ती बहुतेकदा हीच. मोरपिसाची राख मात्र घरी जाळून कुणाला चाटवू नका. औषध म्हणून जे भस्म असतं ते वैद्याच्या देखरेखीत तयार होतं. गॅसवर जळलेल्या पिसात काय काय आहे ते आपल्याला कळत नाही.

जेवताना लागली तर

तर्रीचा पहिला घोट आणि लगेच उचकी, असं अनेकांचं होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन अन्ननलिकेच्या आतल्या थरातल्या नसांना चेतवतं. इथे पाणी प्यायलं तर तिखट पसरतं, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश त्याला धरून घेतात. म्हणून पानात दही असेल तर दोन चमचे, किंवा अर्धी वाटी घट्ट मठ्ठा, बारीक घोटांनी. पोहेवाल्याकडे दही नसतं, तिथे तर्री न लागलेले कोरडे पोहे किंवा पावाचा घास नीट चावून गिळा आणि दोन मिनिटं हात थांबवा.

थांबणं महत्त्वाचं. उचकी चालू असताना घास कोंबला तर उचकीसरशी अन्नाचा कण श्वासनलिकेत ओढला जाऊ शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं जेवत असतील तर त्यांच्यावर लक्ष ठेवा.

ज्वारीची कोरडी भाकर, रात्रीची गार पोळी, पाटोडी असे कोरडे घास मोठे घेतले की ते अन्ननलिकेत अडकून ती ताणतात. छातीच्या मधोमध दुखल्यासारखं होऊन उचकी येते. यावर साखरेची फक्की नको, आधीच कोरडं अडकलेलं आहे. उभं राहा, कोमट पाण्याचे तीन-चार बारीक घोट घ्या, घास खाली उतरू द्या. सोड्यानं किंवा थंड पेयानं लागली असेल तर आधी ढेकर येऊ द्या: उभं राहून चार पावलं चाला, मग श्वासाचा उपाय. पोटात वायू कोंडलेला असताना कितीही श्वास धरला तरी कारण तिथेच राहतं.

रात्री दहाला सावजी मटण आणि साडेदहाला अंथरूण हे उचकीचं, आणि त्याहून जास्त पित्ताचं, हमखास निमंत्रण. जेवण आणि झोप यात तीन तासांचं अंतर ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. रोज रात्री जळजळ आणि उचकी असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावून तो १५ ते २० सेंटिमीटर उंच करा. नुसत्या दोन उशा घेऊन मान तेवढी वाकते आणि पोट दाबलं जातं, फायदा होत नाही.

अंग वाकवून

पलंगावर पाठीवर झोपा, दोन्ही गुडघे छातीशी घ्या, हातांनी कवळून एक ते दोन मिनिटं तसंच राहा, श्वास हळू चालू ठेवा. किंवा खुर्चीत बसून पुढे वाका. खालून पोटाचा दाब आला की श्वासपटलाला उसळायला जागा कमी मिळते. भरल्या पोटी लगेच करू नका, अन्न वर येईल. गरोदर बायकांनी, हर्नियाच्या आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसांनी हे टाळावं.

नाक-तोंड मिटून शौचाला कुंथल्यासारखा जोर १० ते १५ सेकंद लावणं हाही उपाय आहे, तरुण आणि निरोगी माणसासाठी. हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्यांनी तो वापरायचा नाही.

हे करू नका

बंद पापण्यांवर बोटांनी डोळे दाबणं हा जुना सल्ला अजून दिला जातो. त्यानं डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि नाडी एकदम मंद होऊन माणूस कोसळू शकतो. गळ्याच्या बाजूची धमनी चोळणंही तसंच; म्हाताऱ्या माणसात तिथला साचलेला थर सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत श्वास घेणं जिवावर बेतू शकतं. कागदी पिशवी वापरायचीच तर ती नाकातोंडावर सैल धरून, एक मिनिटाहून जास्त नाही, आणि हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार नसेल तरच. घाबरवण्यानं कधी कधी श्वास अडकून उचकी जाते, पण समोरच्याच्या तोंडात घास आहे की नाही, त्याला हृदयविकार आहे की नाही, हे घाबरवणारा बघत नाही. नको तो खेळ.

दारू प्यायलेल्या, गुंगीतल्या किंवा नीट गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात साखर, पाणी, लिंबू काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि जवळ थांबा.

तान्ह्या बाळाची उचकी

बाळाला दिवसातून अनेकदा उचकी लागते आणि त्याला तिचा मोठ्यांइतका त्रास होत नाही. पोटात असतानाही ते उचक्या देतं. बाळ शांत असेल तर काहीच करायची गरज नाही.

दूध पिताना लागली तर पाजणं थांबवा, बाळाला खांद्यावर उभं धरा, पाठीवरून हलका हात फिरवा, ढेकर येऊ द्या. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाजा. पाजल्यावर २० ते ३० मिनिटं उभंच धरून ठेवलं तर पुढच्या वेळची उचकी कमी होते. बाटली असेल तर निपल दुधानं पूर्ण भरलेलं राहील एवढी तिरपी धरा. निपलमध्ये हवेचा फुगा दिसला की बाळ तीच गिळतंय असं समजा.

सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, एक वर्षापर्यंत मध नाही. मधातून बॉट्युलिझम नावाचा जंतुदोष होऊ शकतो, उचकीच्या उपायासाठी तो धोका कशाला पत्करायचा? ओला दोरा किंवा कापूस कपाळावर चिकटवण्याची रीत आहे. ठेवलाच तर बाळाच्या तोंडात जाणार नाही हे बघा आणि उचकी थांबताच काढून टाका. टाळू दाबायची नाही, जीभ ओढायची नाही, दचकवायचं नाही. प्रत्येक पाजण्यानंतर उचकी आणि सोबत दूध बाहेर येणं, पाठ कमानीसारखी ताणून रडणं, वजन न वाढणं असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

४८ तासांची रेघ

उचकी ४८ तासांपेक्षा जास्त चालली, म्हणजे थांबते-लागते असं होत दोन दिवस उलटले, की घरचे उपाय बंद आणि डॉक्टर सुरू. ही रेघ उगाच आखलेली नाही. लांबलेल्या उचकीमागे आम्लपित्त, मूत्रपिंड निकामी होणं, रक्तातलं सोडियम घसरणं, न्यूमोनिया, यकृताखाली किंवा श्वासपटलाजवळ झालेला पू, मेंदूच्या तळाशी बसलेला झटका अशी कारणं असू शकतात. कानाच्या पडद्याला टेकलेला केससुद्धा. काही औषधांनीही लागते, विशेषतः डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स. किमोथेरपीसोबत ती दिली जातात, तेव्हा उचकी लागली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डायलिसिसवरच्या माणसाला नव्यानं सतत उचकी लागली तर दोन दिवसही थांबू नका, पुढच्या पाळीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

उचकी किती चिवट असू शकते याची टोकाची नोंद अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बॉर्न यांची आहे. १९२२ मध्ये लागलेली त्यांची उचकी १९९० मध्ये थांबली. एवढी लांबणं अतिशय दुर्मीळ, पण आठवडाभर चाललेली उचकीही झोप, जेवण आणि वजन तिन्ही खाते.

४८ तास न बघता लगेच निघायचं ते अशा वेळी: उचकीसोबत छातीत दुखणं किंवा दरदरून घाम, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं, गिळता न येणं, धाप, रक्ताची उलटी, काळी शौच, पोटात असह्य दुखणं. १०८ ला फोन करा. एरवी ओळखीच्या फिजिशियनकडे, किंवा मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी जवळ पडेल तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा.

औषधाच्या दुकानातून उचकीची गोळी परस्पर आणू नका. क्लोरप्रोमाझिननं रक्तदाब उतरतो आणि म्हातारी माणसं उठताना पडतात. बॅक्लोफेन मूत्रपिंड कमजोर असलेल्याच्या शरीरात साचत जातं आणि त्याची शुद्ध हरपू शकते. मेटोक्लोप्रमाइडनं काहींची मान-जबडा वाकडा होऊन अडकतो. ही औषधं उपयोगी आहेत, पण कुणाला कोणतं आणि किती हे तपासल्यावरच ठरतं.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: उचकी कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाली, मिनिटाला किती येतात (पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजा), झोपेत थांबते की चालूच राहते, जेवणानंतर वाढते का, गेल्या दोन आठवड्यांत कोणतं नवं औषध सुरू झालं किंवा कुठलं ऑपरेशन, एंडोस्कोपी झाली, मधुमेह, मूत्रपिंड, पित्त यांचा इतिहास, दारूचं प्रमाण, खरं तेवढं. झोपेतही चालू राहणारी उचकी शरीरातल्या आजाराकडे बोट दाखवते, तेव्हा रात्री घरच्या कुणी तरी जागून ती बघितलेली असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्या. नावं आठवत बसण्यापेक्षा पट्टी दाखवणं बरं.